बॅरिअ‍ॅट्रिक ऑपरेशनची तयारी: घरात काय आणावं, काय आणू नये

प्रश्न: माझ्या वहिनीचं स्लीव्हचं (वजन कमी करण्यासाठी जठर लहान करण्याचं) ऑपरेशन पुढच्या महिन्यात पुण्यात ठरलं आहे. वय 41, वजन 118 किलो, शुगर आणि बीपी दोन्ही आहे. घरी सगळे शाकाहारी. आम्ही सांगलीला राहतो. नातेवाईक, मेडिकलवाले आणि मोबाइलवरचे व्हिडिओ यांनी मिळून मोठी यादी दिली आहे: रिक्लायनर खुर्ची, पोटाचा पट्टा, दोन किलोचा प्रोटीन पावडरचा डबा, व्हिटॅमिनच्या गमी, केस गळू नयेत म्हणून बायोटिन, ज्यूसर, नवे गाऊन. यातलं खरोखर काय लागतं आणि कुठून आणायचं?

उत्तर:

अशा याद्या घेऊन लोक माझ्याकडे नेहमी येतात. त्यातल्या जवळजवळ सगळ्या वस्तू पहिल्या पंधरा दिवसांच्या असतात. वहिनींना जे आयुष्यभर लागणार आहे त्याचा उल्लेख कुठेतरी तळाला असतो किंवा नसतोच. बॅरिअ‍ॅट्रिक रुग्णांची आहारतज्ज्ञ म्हणून बरीच वर्षं काम करते आहे. त्या अनुभवावरून सांगते, पहिल्या पंधरवड्यात सामानावाचून कुणाचं फारसं अडत नाही. अडतं ते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, जेव्हा वजन उतरलेलं असतं, सगळे कौतुक करत असतात आणि कॅल्शियम-बी12च्या गोळ्या संपून तीन महिने झालेले असतात. म्हणून रिक्लायनरचे पैसे वाचवा आणि ते गोळ्यांसाठी, पावडरीसाठी आणि रक्ततपासण्यांसाठी बाजूला ठेवा.

रिक्लायनर, कमोड खुर्ची, पाठ टेकायचा बॅकरेस्ट यातलं काहीही विकत घेऊ नका. आपल्याकडे बहुतेक शहरांत रुग्णोपयोगी साहित्य देणारे ट्रस्ट, मंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ असतात. अनामत रक्कम ठेवून नाममात्र भाड्यात ते वस्तू देतात. सांगली-मिरजेकडे दवाखाने इतके आहेत की तुमच्या फॅमिली डॉक्टरांना किंवा मोठ्या मेडिकलमध्ये विचारलंत तर लगेच पत्ता मिळेल. फक्त ती खुर्ची किती वजन पेलते हे विचारून घ्या. बऱ्याच साध्या कमोड खुर्च्या आणि आंघोळीचे प्लास्टिकचे स्टूल 100 किलोपर्यंतच्याच वजनासाठी केलेले असतात. घरी भारतीय पद्धतीचा संडास असेल तर पहिले दोन-तीन आठवडे कमोड खुर्ची हवीच, कारण दुर्बिणीतून केलेलं ऑपरेशन असलं तरी उकिडवं बसून उठताना पोटावर ताण येतो. बाकी झोपायला पलंगावर दोन लोड किंवा तीन उशा लावून पाठ उंच केली की काम भागतं.

पोटाच्या पट्ट्याबद्दल सर्जनला विचारा. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर तो सगळ्यांना लागतोच असं नाही, आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून आधीच आणलेला पट्टा मापाचाही निघत नाही. त्यापेक्षा एक छोटी घट्ट उशी ठेवा. खोकताना, शिंकताना, उठताना ती पोटाशी दाबून धरली की दुखणं बरंच कमी होतं.

आता ऑपरेशनच्या आधीचं. बहुतेक सर्जन आधी साधारण दोन आठवडे कमी उष्मांकाचा आहार देतात, दिवसाला 800 ते 1000 कॅलरींच्या आसपास, प्रोटीन जास्त आणि भात-पोळी-साखर अगदी कमी. चरबीने फुगलेलं यकृत त्यामुळे आकसतं. यकृताचा डावा भाग जठरावर टेकलेला असतो. तो लहान आणि मऊ झाला की सर्जनला तो उचलून जठरापर्यंत नीट पोचता येतं. काही घरांत हा आहार 'डॉक्टर सांगतातच' म्हणून अर्धाच पाळतात, वर 'आता पुढे खाता येणार नाही' म्हणून पुरणपोळीचं जेवण होतं. कृपया तसं करू नका. ऑपरेशन सुरक्षित होण्याशी याचा थेट संबंध आहे. या दोन आठवड्यांचं सामान साधंच आहे: साय काढलेलं किंवा कमी फॅटचं दूध, ताक, पनीर, मूग, काकडी, टोमॅटो, पालक, दुधी आणि थोडी प्रोटीन पावडर.

इथे शुगरच्या रुग्णांसाठी एक गोष्ट ठळक सांगते. हा आहार सुरू झाला की साखर झपाट्याने उतरते. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी तेवढीच चालू राहिली तर साखर एकदम खाली जाऊन चक्कर, घाम, थरथर होऊ शकते. वहिनींच्या गोळ्यांत डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर ते आहार सुरू करण्याआधीच डॉक्टरांना सांगा. या गोळ्या ऑपरेशनच्या आधी किमान तीन दिवस बंद कराव्या लागतात, कारण पोटात अन्न कमी असताना त्यांच्यामुळे साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन (रक्त आम्लधर्मी करणारे घटक) साठण्याचा धोका असतो. म्हणून यादीत पहिली वस्तू लिहा: ग्लुकोमीटर आणि भरपूर पट्ट्या. मशीन बहुतेक घरी असतंच, पण पट्ट्यांची तारीख उलटलेली असते.

तसंच बीपीचं. घरच्या मशीनबरोबर येणारा दंडपट्टा साधारण 22 ते 32 सेंटीमीटर घेराच्या दंडासाठी असतो. मोठ्या दंडावर तो आवळून बसतो आणि बीपी आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो. ऑपरेशननंतर बीपी खरोखरच उतरायला लागतं, पण मशीन जुनाच आकडा दाखवत राहतं. मग गोळ्या कमी होत नाहीत आणि बाई उठताना भोवळ येऊन पडते. त्याच मशीनला बसणारा 42 सेंटीमीटरपर्यंतचा पट्टा वेगळा मिळतो. टेपने दंडाचा घेर मोजून तो मागवा. माझ्या मते तुमच्या यादीतल्या निम्म्या वस्तूंपेक्षा हा एक पट्टा जास्त मोलाचा आहे. वजनकाटाही 150 किलो किंवा त्याहून जास्त क्षमतेचा बघा, आणि वजन आठवड्यातून एकदाच करा.

रक्ततपासण्याही आधीच्याच तयारीत येतात: हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी12, डी जीवनसत्त्व, थायरॉइड. शाकाहारी घरांत बी12 आधीच तळाला असतं, आणि मासिक पाळी चालू असलेल्या बायकांचं लोहही. ही तूट ऑपरेशनच्या आधी भरून काढता येते. नंतर तेच काम फार चिवट होऊन बसतं.

मिसरी, तंबाखू, सिगारेट यांपैकी काही असेल तर निदान सहा आठवडे आधी पूर्ण बंद. मिसरीचा प्रश्न मी प्रत्येक बाईला वेगळा, एकटीला विचारते, कारण सासरच्या माणसांसमोर ती सांगत नाही. तुम्ही घरातलं कुणी विचारण्यापेक्षा वहिनींना डॉक्टरांशी एकांतात बोलू द्या.

हॉस्पिटलच्या पिशवीचं थोडक्यात: पुढून बटणांचे दोन सैल सुती गाऊन, न घसरणाऱ्या चपला, ओठांना लावायला व्हॅसलीन, सगळे जुने रिपोर्ट, चालू औषधांची यादी आणि ती औषधं. झोपेत श्वास अडकण्यासाठी सीपॅप मशीन वापरत असतील तर ते मास्कसकट न्यायचंच. श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं स्पायरोमीटर आधीच आणून घरी आठवडाभर सराव केला तर ऑपरेशननंतर दुखत असतानाही जमतं. नेलपॉलिश काढून जा, अंगठ्या घरी ठेवा.

गाऊन म्हणाले ते मुद्दाम. आपल्याकडच्या बायका घरी आल्यावर लगेच साडी नेसायला बघतात. परकराची नाडी जिथे बसते तिथेच किंवा तिच्या जवळपास दुर्बिणीची छिद्रं असतात. नाडी त्यावर घासते, घाम साचतो आणि जखम ओली राहते. दोन-तीन आठवडे गाऊन किंवा सैल कुर्ता बरा. नवे गाऊन मात्र ढिगाने घेऊ नका. तीन महिन्यांत माप बदलेल आणि सहा महिन्यांत पुन्हा बदलेल. घरातल्या कुणाचे जुने चालतात. जखमेवर हळद, डेटॉल, कुठलंही मलम लावायचं नाही. ड्रेसिंग सर्जनने सांगितलं तेवढंच, आणि त्याची एखादी जादा पट्टी घरी येताना मागून घ्या.

पुणे ते सांगली प्रवासाचा विचार आत्ताच करा. सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर आहे. ऑपरेशननंतर पायातल्या शिरांत रक्ताची गाठ होण्याचा धोका असतो आणि एका जागी बसून राहिल्याने तो वाढतो. दर तासाला गाडी थांबवून वहिनींना पाच मिनिटं पायी फिरवायचं. शिरवळ, सातारा, कराड अशी चांगल्या स्वच्छतागृहांची ठिकाणं आधी ठरवा, म्हणजे 'आता घरीच उतरू' असं होणार नाही. सीटबेल्ट आणि पोट यांच्यामध्ये ती छोटी उशी. हातात पाण्याची बाटली. पायांचे दाबमोजे सर्जनने लिहून दिले तर पोटरी आणि मांडीचा घेर सकाळी सूज नसताना मोजून त्या मापाचे घ्या. चुकीच्या मापाचा मोजा गुंडाळत खाली येतो आणि पोटरीला दोरीसारखा आवळतो, त्यापेक्षा नसलेला परवडला. रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनं घरी चालू ठेवायला सांगितली तर ती पुण्यातच पूर्ण घ्या, गावात त्याच ताकदीची मिळतील याची खात्री नसते. वापरलेल्या सुया टाकायला जाड प्लास्टिकची रिकामी बाटली ठेवा.

घरी आल्यावर पहिला महत्त्वाचा प्रश्न पाण्याचा. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण पाऊण भाग किंवा त्याहून थोडा जास्त काढून टाकतात. उरते ती अरुंद नळी, शिवाय सुजलेली. गटागटा पाणी पिणं शक्यच नसतं, आणि डिहायड्रेशन हे घरी आलेल्या रुग्णाला पुन्हा भरती करावं लागण्याचं नेहमीचं कारण आहे. त्यासाठी महागडी बाटली लागत नाही. खोकल्याच्या औषधाबरोबर येतं ना, तसं खुणांचं छोटं माप घ्या. 30 मिलि पाणी त्यात ओता, दोन-तीन छोट्या घोटांत संपवा, पंधरा मिनिटांनी पुन्हा 30. तासाला 120 मिलि झालं. सकाळी सात ते रात्री आठ असं केलं तर दीड लिटर पूर्ण होतं. सकाळीच 750 मिलिच्या दोन बाटल्या भरून वहिनींच्या समोर ठेवा. दुपारच्या झोपेआधी पहिली संपलेली दिसली पाहिजे. कुणी किती प्यायलं हे विचारण्याचा त्रास वाचतो. स्ट्रॉ वापरू नये असं आम्ही सांगतो, कारण त्यातून हवा जाते आणि घोटही मोठा जातो. सोडा आणि कोल्ड्रिंक नाहीच.

पाण्याबरोबर काय चालेल? पातळ ताक, बिनसाखरेचं कोकम, लिंबूपाणी मिठाचं, गाळलेलं भाज्यांचं सूप, अधूनमधून शहाळं. काय नको? उसाचा रस, ग्लुकोज पावडर, साखरेची सरबतं, फळांचे गाळलेले रस. म्हणून ज्यूसर यादीतून काढा. चांगला मिक्सर, एक बारीक जाळीची गाळणी आणि मलमलचं धुवट फडकं पुरे. त्याशिवाय दोन छोट्या वाट्या, चहाचे चमचे आणि स्वयंपाकघरातला ग्रॅमवर मोजणारा काटा घ्या. काटा पुढे बरीच वर्षं कामाला येईल.

दोन आठवडे पातळ, नंतर साधारण दोन आठवडे वाटलेलं गुळगुळीत, मग दोन आठवडे मऊ, असा बहुतेकांचा क्रम असतो. तुमच्या हॉस्पिटलचा तक्ता थोडा वेगळा असेल तर तोच पाळा.

या पातळ आहारात आपल्या घरांत एक ठरलेली चूक होते आणि ती अगदी मायेने होते. सासूबाई किंवा आई वरणाचं वरचं पाणी गाळून, त्यात हिंग-जिरं घालून देतात. शाकाहारी घरात 'डाळ म्हणजे प्रोटीन' हे पक्कं असतं. पण प्रोटीन डाळीच्या गरात असतं. वरच्या पाण्यात मीठ, हळद, चव असते आणि प्रोटीन नावाला. त्याऐवजी मुगाचं कढण करा, आपल्याच घरातलं जुनं आजारपणातलं खाणं. सालाच्या मुगाऐवजी मुगाची डाळ घ्या, अगदी मऊ शिजवा, मिक्सरमधून गंधासारखी वाटा, मग गरजेइतकं गरम पाणी घालून पातळ करा आणि जाळीतून उतरवा. गर बाजूला काढून टाकायचा नाही, तोच प्यायचा आहे. कच्च्या मूगडाळीत 100 ग्रॅमला साधारण 24 ग्रॅम प्रोटीन असतं, म्हणजे 25 ग्रॅम डाळीच्या कढणातून सहा ग्रॅमच्या आसपास मिळतं. तांदळाची पेज आणि नाचणीचं सत्त्व पचायला हलकं, पण ते पिठूळ. त्याने पोट भरतं आणि प्रोटीनची जागा जाते.

दिवसाला निदान 60 ग्रॅम प्रोटीन हवं. शाकाहारी माणसाला पहिल्या महिन्यात ते नुसत्या घरच्या पदार्थांतून गाठणं जवळपास अशक्य आहे, हे मी घरच्या जेवणाची मोठी पुरस्कर्ती असूनही सांगते. हिशेब बघा. दिवसभरात अर्धा लिटर कमी फॅटचं दूध, 16-17 ग्रॅम. त्यातच तीन टेबलस्पून स्किम मिल्क पावडर विरघळवली तर आणखी सात-आठ. कढण सहा. ताक दोन-तीन. एवढं सगळं व्यवस्थित गेलं तरी बत्तीस-चौतीस. उरलेलं पावडरीतूनच येतं.

पण तो दोन किलोचा डबा आणू नका. ऑपरेशननंतर चव आणि वास बदलतात. आधी चॉकलेटचा स्वाद आवडणाऱ्या बाईला नंतर त्याच्या वासाने मळमळतं, हे मी सतत पाहते. मग तो डबा फ्रीजवर पडून राहतो. तीन-चार प्रकारची एकेक पुडी किंवा सर्वांत लहान पॅक आणा, त्यात एक बिनस्वादाची असू द्या. तीच कढणात, ताकात, सूपमध्ये घालता येते. जी रुचेल ती नंतर मोठी घ्या.

डब्यावर पुढे काय लिहिलंय ते सोडून मागची बाजू वाचा. 100 ग्रॅममध्ये प्रोटीन 80 ग्रॅमच्या आसपास हवं आणि साखर जवळजवळ नको. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिल्या दोन-तीन नावांत साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन (साखरेसारखाच पिठूळ पदार्थ) दिसलं तर ठेवून द्या. दूध पिऊन पोट गुरगुरतं, जुलाब होतात अशांनी व्हे आयसोलेट (दुधाच्या निवळीतून वेगळं काढलेलं प्रोटीन) घ्यावं, त्यात लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर फार कमी असते. एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) 14 आकडी परवाना क्रमांक, बॅच, तारीख, शाबूत सील हे सगळं तपासा. निम्म्या किमतीत ऑनलाइन मिळणारा डबा घेऊ नका, या धंद्यात बनावट माल खूप आहे. वहिनींच्या मूत्रपिंडाचं काम शुगरमुळे थोडंसं जरी कमी झालेलं असेल तर किती प्रोटीन हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या. आणि पावडर उकळत्या दुधात टाकू नका, गुठळ्या होतात. कोमट दुधात आधी थोडी कालवून मग वाढवा. बघायला येणाऱ्या पाहुण्यांनी आणलेल्या माल्टच्या पावडरी म्हणजे बरीचशी साखर. कुणी 'काय आणू' असं विचारलं तर सरळ शहाळं सांगा.

घरात थर्मामीटर आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर ठेवा. ऑक्सिजनपेक्षा मला त्यातली नाडी बघायची असते. टाके घातलेल्या जागेतून गळती होणं ही स्लीव्हची क्वचित होणारी पण गंभीर गुंतागुंत आहे, आणि ती बऱ्याचदा रुग्ण घरी आल्यावर उघड होते. शांत बसलेलं असताना नाडी 120 च्या वर टिकून राहिली, ताप आला, पोटात किंवा डाव्या खांद्यात वाढत जाणारं दुखणं, धाप, एका पोटरीला सूज-दुखणं, पाणीही न टिकणं, यांपैकी काहीही असलं तर सकाळची वाट न बघता सर्जनला फोन. पहिल्या दोन-तीन दिवसांत दुर्बिणीच्या गॅसमुळे खांदा दुखतो, तो चालल्याने कमी होत जातो. वाढत जाणारं दुखणं वेगळं असतं.

घरातला औषधांचा डबाही आवरा. ब्रुफेन, कॉम्बिफ्लॅम, व्होव्हेरान या गटातल्या वेदनाशामक गोळ्या जठराला जखम करू शकतात. जठराचा बायपास (वजनासाठीचंच दुसरं ऑपरेशन) झालेल्यांना तर त्या कायमच्या बंद, आणि स्लीव्हवाल्यांनीही सर्जनला विचारल्याशिवाय घेऊ नयेत. डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल. मोठ्या गोळ्या कुटून घ्याव्यात का, हे प्रत्येक गोळीबद्दल विचारा. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या, ज्यांच्या नावापुढे एसआर किंवा एक्सआर असतं, त्या कुटायच्या नसतात. त्यांना पर्याय डॉक्टर देतील.

आता ज्यासाठी मी रिक्लायनरचे पैसे वाचवायला सांगितले ते. स्लीव्हनंतर रोज लागतं ते असं: जास्त ताकदीचं मल्टिव्हिटॅमिन, ज्यात थायमिन (बी1 जीवनसत्त्व) किमान 12 मिग्रॅ, शक्यतो 50 च्या आसपास, बी12 तोंडाने रोज 350 ते 1000 मायक्रोग्रॅम किंवा महिन्याला 1000 मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन, पाळी चालू असलेल्या स्त्रीला लोह 45 ते 60 मिग्रॅ, कॅल्शियम 1200 ते 1500 मिग्रॅ, डी जीवनसत्त्व साधारण 3000 युनिट रोज किंवा डॉक्टर लिहून देतील ती आठवड्याची पुडी, रक्तातल्या पातळीप्रमाणे. नेमका डोस वहिनींच्या तपासण्यांवर ठरेल. पण मेडिकलमध्ये सहज मिळणारी 'रोज एक' छाप गोळी यातलं बहुतेक भरून काढत नाही, हे लक्षात असू द्या.

गमी नकोच. बऱ्याच गमींमध्ये लोह नसतं, थायमिन नसतं किंवा नावाला असतं, आणि साखर मात्र असते. चघळायची किंवा विरघळायची गोळी घ्या.

कॅल्शियमच्या दोन गोष्टी. आपल्याकडच्या बहुतेक प्रसिद्ध गोळ्या कॅल्शियम कार्बोनेटच्या. ते शोषायला जठरातलं आम्ल लागतं, आणि इथे जठर लहान झालेलं, वर आम्ल कमी करायची गोळी चालू. म्हणून सायट्रेट मागा. ते घेतानाही लेबल नीट वाचा: '1000 मिग्रॅ कॅल्शियम सायट्रेट' म्हणजे प्रत्यक्ष कॅल्शियम जेमतेम 210 मिग्रॅ. 'एलिमेंटल कॅल्शियम' किती हाच आकडा धरायचा. एका वेळी 500-600 च्या वर शोषलं जात नाही, त्यामुळे दिवसातून दोन-तीन वेळा विभागून. आणि लोह व कॅल्शियम यांच्यात किमान दोन तास अंतर. ही दोन्ही चहाबरोबर घेऊ नयेत, विशेषतः लोह. सोपं व्हावं म्हणून माझ्याकडे बहुतेकजणी असं बसवतात: सकाळी नाश्त्यानंतर मल्टिव्हिटॅमिन, अकराला कॅल्शियम, दुपारी चारच्या चहाच्या बऱ्याच आधी लिंबूपाण्याबरोबर लोह, संध्याकाळी सातला कॅल्शियम, झोपताना तिसरं. सात वारांच्या कप्प्यांचा डबा रविवारी भरून ठेवायचा. रिकामे न झालेले कप्पे घरातल्या कुणालाही दिसतात.

यातली बरीच औषधं जनौषधी केंद्रात जेनेरिक स्वरूपात खूप स्वस्त मिळू शकतात. चिठ्ठीवरचे घटक आणि ताकद जुळते का ते बघून घ्या. सगळी मिळणार नाहीत, पण महिन्याचा खर्च उतरतो, आणि खर्च उतरला की औषध चालू राहतं. एका महिन्याचा साठा शिल्लक असतानाच पुढचा आणायचा.

बायोटिनचं सांगते. केस तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळतात, बऱ्याच जणींचे गळतात. झपाट्याने उतरलेल्या वजनाचा तो परिणाम आहे आणि बहुतेकांचे परत येतात. प्रोटीन, लोह, झिंक व्यवस्थित असणं हाच उपाय. बायोटिनचे मोठे डोस घेतले तर थायरॉइडसारख्या तपासण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात, म्हणून घेत असाल तर लॅबला सांगा.

थायमिनबद्दल मात्र मी फार आग्रही आहे. त्याचा शरीरातला साठा दोन-तीन आठवड्यांत संपू शकतो. कुणाला सतत उलट्या होत असतील, जेवण जात नसेल आणि पाय जड पडणं, चालताना तोल जाणं, दोन-दोन दिसणं, गोंधळल्यासारखं होणं सुरू झालं तर ती तातडी आहे. अशा वेळी जवळच्या दवाखान्यात नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावलं जातं. थायमिन आधी न देता ग्लुकोज दिलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. हे वाक्य पाठ करून ठेवा आणि गरज पडली तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. त्यांना राग आला तरी चालेल.

बी12चं उलट आहे. त्याचा साठा हळूहळू संपतो, त्यामुळे पहिल्या वर्षी काही जाणवत नाही आणि गोळी सुटते. हातापायांना मुंग्या, विसरभोळेपणा, थकवा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी येतो, आणि तोवर ऑपरेशनशी त्याचा संबंध कुणी जोडत नाही. तपासण्या तीन, सहा, बारा महिन्यांनी आणि मग दरवर्षी, आयुष्यभर. वहिनी उपास करत असतील तर त्याचाही विचार आत्ता करा. साबुदाणा, वरी, बटाटा यांत प्रोटीन फारच थोडं. पहिलं वर्षभर उपास नकोत. नंतर करायचेच असतील तर दूध, दही, पनीर, राजगिरा, शेंगदाणे यांवर करावेत, आणि गोळ्या उपासाला चालतात.

एक नाजूक पण आवश्यक गोष्ट: ऑपरेशननंतर 12 ते 18 महिने गर्भ राहू नये. वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि गर्भ राहण्याची शक्यता वाढते, अगदी आधी 'राहणारच नाही' असं सांगितलेल्या बायकांतही. 41 व्या वर्षीही हे लागू आहे. कॉपर-टी वगैरेची सोय आधीच स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून व्हावी.

विम्याचं: आयआरडीएआयने (विमा नियामक संस्थेने) ठरवलेल्या नियमात अशा ऑपरेशनला काही अटींवर मान्यता आहे. वय 18 च्या वर, डॉक्टरांचा सल्ला, आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 40 किंवा जास्त, अथवा 35 किंवा जास्त आणि सोबत अनियंत्रित टाइप 2 मधुमेह, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर आजार किंवा हृदयविकार. तुमच्या पॉलिसीचा प्रतीक्षा काळ तपासा. बऱ्याच पॉलिसी डिस्चार्जनंतरच्या ठरावीक दिवसांची औषधं आणि तपासण्या धरतात, म्हणून चिठ्ठीशिवाय काही घेऊ नका आणि प्रत्येक पक्कं बिल ठेवा. प्रोटीन पावडर धरतीलच असं नाही.

डिस्चार्जच्या दिवशी हॉस्पिटलकडून दोन गोष्टी मागून घ्या, ते सहसा आपणहून देत नाहीत. ऑपरेशन नोटची प्रत, आणि एका छोट्या कार्डावर पुढील मजकूर: कोणतं ऑपरेशन, तारीख, सर्जनचा रात्री लागणारा नंबर, ब्रुफेन गटातल्या गोळ्या देऊ नयेत, उलट्या असतील तर ग्लुकोजच्या आधी थायमिन, नाकातून पोटात नळी घालायची वेळ आली तर आधी सर्जनशी बोलावं. एक कार्ड वहिनींच्या पर्समध्ये, एक तुमच्या पाकिटात, आणि एक सांगलीतल्या ज्या फिजिशियनकडे तुम्ही रात्री-अपरात्री जाल त्यांच्या फाइलला लावून या. त्यांना ऑपरेशनची तारीख मात्र आत्ताच जाऊन सांगून ठेवा.